२५ मिलिमीटरची ज्योत

हिवाळ्यात तिगावच्या संत्राबागांवरून विमानं पांढऱ्या रेघा ओढत जातात. या रेघांच्या मुळाशी काजळी असते, हे वाचून चक्रावलो. इंजिनातल्या काजळीच्या कणांवर वाफ गोठते, तिचे हिमकण होतात. जैवइंधन मिसळलं की काजळी घटते म्हणतात. ते डोळ्यांनी पाहावं म्हणून नागपूरच्या एका इंधन तपासणी प्रयोगशाळेत गेलो.

यंत्र म्हणजे चक्क दिवा निघाला! कापसाची वात, वीसेक मिलिलिटर इंधन, ज्योतीमागे मिलिमीटरच्या खुणांची काळी पट्टी. तिथल्या ताईंनी ब्लेडने वात सरळ कापून पेटवली, वर चढवली. ज्योतीला धुराचं शेपूट फुटलं, राकेलचा ओळखीचा वास नाकात गेला. मग वात जरा जरा उतरवत शेपूट नाहीसं होताच त्या थांबल्या. मान तिरकी करून ज्योत आणि तिचं प्रतिबिंब एकाच खुणेवर आहे ना, ते पाहिलं. "पंचवीस पाहिजे," त्या म्हणाल्या. "कमी भरलं तर नॅप्थलीन मोजा."

नंतर मिश्रणाचा नमुना. ज्योत पंचवीसच्या वर गेली तरी शेपूट नाही. साध्या जेट इंधनातली कार्बनची कडी, म्हणजे ॲरोमॅटिक द्रव्यं, पुरती जळत नाहीत. एकमेकींना चिकटून काजळी होते. वनस्पती तेलापासून केलेल्या इंधनात ती जवळपास नसतातच. नासाने २०१३-१४ मध्ये निम्मं जैवइंधन घालून डीसी-८ उडवलं, तेव्हा धुरातले कण ५० ते ७० टक्के घटले.

पण निम्मं! १९ मे २०२३ला एअरएशिया इंडियाचं विमान प्राज इंडस्ट्रीजचं देशी जैवइंधन घेऊन पुण्याहून दिल्लीला गेलं, तेव्हा मिश्रण होतं जेमतेम एक टक्का. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी देशाचं २०२७चं लक्ष्यही तेवढंच. एक टक्क्याने काजळी किती हटणार? सगळंच जैवइंधन भरायलाही मनाई आहे: रबरी सील फुगून घट्ट बसायला थोडी ॲरोमॅटिक द्रव्यं लागतात, म्हणून मिश्रणात ती किमान आठ टक्के हवीत.

"दिव्याला काय, तेल झाडाचं असो की जमिनीतलं," ताई वात बदलत म्हणाल्या. खरंच आहे. रिफायनरीत हायड्रोजन वापरून नॅप्थलीन हे ॲरोमॅटिक द्रव्य काढलं, तर साध्या इंधनाचीही ज्योत पंचवीसच्या वर जाते. त्याला पैसा लागतो, कार्बनचा हिशेबही सुटत नाही. पण काजळीचा सुटतो. एक टक्क्याचे सोहळे करणाऱ्यांनी हे काम आधी हाती घ्यावं.