प्रवेश अर्ज : अंतिम तारखेपूर्वीची तयारी

बारावीच्या निकालानंतर गुणवंतांचे सत्कार होतात आणि त्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या जातात. त्याच पंधरवड्यात काही घरांत मात्र वेगळीच धावपळ सुरू असते. मुलाला गुण चांगले असतात, परंतु जातवैधता प्रमाणपत्र हाती आलेले नसते. किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असतो. गुणवत्तेने मिळू शकणारी जागा अशा कारणाने हातची जाणे ही आपल्या समाजाला न परवडणारी हानी आहे. प्रवेश अर्ज हे निकालानंतर करावयाचे काम नसून निकालापूर्वी किमान वर्षभर चालणारी तयारी आहे, हे विद्यार्थी आणि पालक यांच्या लक्षात यावे, यासाठी हा लेख.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील एक प्रसंग उद्बोधक आहे. 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले व 1916 मध्ये लंडनला गेले. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना अभ्यास अर्धवट सोडून मायदेशी परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी त्यांनी ठराविक मुदतीत पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. तिच्याच बळावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये डी. एस्सी. झाले. विद्वत्तेइतकीच ही दक्षताही अनुकरणीय आहे.

कागदपत्रांचा पाया

सर्व दाखल्यांचे मूळ शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म व जात यांची नोंद विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच तपासावी. शाळा सोडल्यानंतर ही दुरुस्ती अतिशय अवघड होते. दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी आधार कार्ड, जन्मदाखला आणि शालेय नोंद यांवरील नाव एकसारखे आहे ना, हे पालकांनी स्वतः पाहावे.

जातीच्या नोंदीचा विषय आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांनी तत्त्वनिष्ठेने केवळ ‘बौद्ध’ अशी नोंद केली. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या स्तरावर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळण्यास 1990 चा कायदा व्हावा लागला. म्हणून केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी, एनआयटी यांसारख्या संस्थांसाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते व त्यात बौद्ध धर्माबरोबर मूळ अनुसूचित जातीचाही उल्लेख आवश्यक असतो. नुसत्या ‘नवबौद्ध’ या शब्दावर तेथे राखीव जागा मिळत नाही. धम्मावरील निष्ठा आणि घटनात्मक हक्काचा कागद यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

जातवैधता हा सर्वाधिक वेळ घेणारा टप्पा आहे. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे जातीचे व वास्तव्याचे पुरावे पाहिले जातात. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीतील उतारा, जुने महसुली अभिलेख हे असे पुरावे होत. रोजगारासाठी कुटुंब मुंबई-पुण्याला स्थलांतरित झाले असले, तरी हे पुरावे बहुधा मूळ गावातच सापडतात. वडील, काका किंवा सख्खी भावंडे यांपैकी कोणाला वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर काम पुष्कळ सुकर होते. अकरावीच्या वर्षात पुरावे जमवावेत आणि बारावीच्या आरंभीच महाविद्यालयामार्फत जिल्हा जातपडताळणी समितीकडे अर्ज जावा. अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देऊन शासनाने वेळोवेळी मुदतवाढ दिलेली आहे. पण तिच्यावर विसंबू नये. मुदतीत प्रमाणपत्र सादर न झाल्यास उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो आणि राखीव जागा जाते.

याशिवाय तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वय अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, तसेच इतर मागासवर्ग व भटक्या जमातींतील विद्यार्थ्यांसाठी नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र तयार असावे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना नॉन-क्रिमिलेअर लागत नाही. त्यासाठी विनाकारण सेतू केंद्राचे हेलपाटे घालू नयेत.

अर्ज भरताना

निवासी विद्यार्थ्यांजवळ स्वतःचा मोबाइल बहुधा नसतो. त्यामुळे सायबर कॅफे चालकाच्या क्रमांकावर व ई-मेलवर नोंदणी होते आणि पुढे ओटीपीही मिळत नाही व जागावाटपाची सूचनाही कळत नाही. कुटुंबातील कायम चालू राहणारा एकच क्रमांक आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा ई-मेल सर्वत्र द्यावा. पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. प्रत्येक अर्जाची छापील प्रत व शुल्काची पावती एका फाइलमध्ये जपावी.

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी यांसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा, वैद्यकीयसाठी नीट आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सुरू झालेली सीयूईटी यांची नोंदणी बारावीच्या लेखी परीक्षेच्या आगेमागेच होते. निकालानंतर जाग येऊन उपयोग नसतो. सीयूईटी मराठीसह 13 भाषांतून देता येते. मात्र इच्छित अभ्यासक्रमासाठी विद्यापीठाने कोणते विषय मागितले आहेत ते पाहूनच विषय निवडावेत. ही परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे नव्हे. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी परीक्षेनंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पुन्हा स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत पसंतीक्रमाला फार महत्त्व आहे. आपल्याला मिळेलसे वाटणारे महाविद्यालय वर लिहिण्याऐवजी आपल्याला खरोखर हवे असलेले वर लिहावे. मागील वर्षीचे कट-ऑफ पाहून यादी लांब ठेवावी, परंतु जेथे जायचेच नाही असे नाव घालू नये. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यावर ते नाकारले, तर पुढील फेऱ्यांची संधी राहत नाही. नियम दरवर्षी काही अंशी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचावी.

मनोगत आणि शिफारसपत्र

काही विद्यापीठे गुणांबरोबर लेखी मनोगत, शिफारसपत्र किंवा मुलाखत मागतात. येथे आपले विद्यार्थी संकोचतात. आपल्या साध्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटते. ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ हे वाक्य शेकडो अर्जांत असते. परंतु वसतिगृहाच्या भोजनालयाचा हिशेब वर्षभर सांभाळला, लहान वर्गातील मुलांना रोज सायंकाळी गणित शिकवले, सुटीत आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊनही परीक्षा दिली, हे ज्याने केले तोच लिहू शकतो. जे केले ते नेमके लिहावे, त्यातून काय उमगले ते सांगावे आणि निवडलेल्या अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध जोडावा. दारिद्र्याचे वर्णन करून करुणा मागू नये व न केलेले कार्यही लिहू नये. सम्यक वाचेचा नियम अर्जालाही लागू आहे. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना किमान तीन-चार आठवडे आधी विनंती करावी.

शिष्यवृत्तीचा विचार आधीच

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी भरावा लागतो आणि बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही, हे पालकांनी पैसे भरण्यापूर्वी जाणून घ्यावे. घाईने घेतलेला असा एक प्रवेश कुटुंबाला कर्जात लोटू शकतो.

माजी विद्यार्थ्यांकडून अपेक्षा

ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे, त्यांचे मार्गदर्शन येथे सर्वाधिक मोलाचे ठरेल. दिवाळीनंतरचा एक रविवार देऊन अकरावी-बारावीच्या मुलांच्या फाइली तपासता येतील. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने दोन मुलांचे अर्ज अंतिम सादरीकरणापूर्वी एकदा वाचले, तरी अनेक चुका टळतील. आपले वैधता प्रमाणपत्र नात्यातील मुलांना वेळेवर उपलब्ध करून देणे, हेसुद्धा दानच आहे.

तथागतांनी आपल्या अंतिम उपदेशात अप्रमादाचे महत्त्व सांगितले. अप्रमाद म्हणजे सावधपणा, करावयाचे कर्म योग्य वेळी करणे. आपल्या मुलांच्या बुद्धीविषयी शंका नाही. कागदाच्या एका तुकड्यासाठी त्यांचे वर्ष वाया जाणार नाही, एवढा अप्रमाद आपण सर्वांनी मिळून पाळूया.

भवतु सब्ब मंगलं.