बिंदूंची सम

'लॅपिस' हा साधारण दहा मिनिटांचा चित्रपट पांढऱ्या पडद्याने सुरू होतो. कडांकडून बारीक ठिपक्यांचे एक कडे आत सरकू लागते, इतके हळू की ते कधी आले हे पाहणाऱ्याच्या नीटसे लक्षातही येत नाही. कडे आवळत जाते, मधोमध वर्तुळ उमटते आणि त्या वर्तुळात हजारो बिंदूंची एक मंडलाकृती फिरू लागते. ती उमलते, विरते, रंग बदलते. सोबत सतारीचे सूर असतात. ना पात्रे, ना कथा, ना शब्द. तरीही प्रेक्षक जागचा हलत नाही.

हा चित्रपट जेम्स व्हिटनी या अमेरिकन कलावंताने १९६६ साली पुरा केला. योग, ताओ, युंगचे मानसशास्त्र, जे. कृष्णमूर्तींचे विचार यांची त्याला ओढ होती. 'लॅपिस' हे नाव किमयागारांच्या परिसाचे. त्याआधीच्या 'यंत्र' (१९५७) या चित्रपटासाठी त्याने पाच बाय सात इंचांच्या कार्डांना टाचणीने भोके पाडली आणि त्या भोकांतून रंग उतरवून एकेक चित्र तयार केले. या कामात त्याची कित्येक वर्षे गेली. ते करणे हीच एक साधना होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

'लॅपिस'च्या वेळी मदतीला थोरल्या भावाचे यंत्र आले. जॉन व्हिटनीने दुसऱ्या महायुद्धातील विमानविरोधी तोफांच्या नेमयंत्राचे सुटे भाग मिळवले होते. उडत्या विमानाची पुढची जागा हेरून तोफेला दिशा द्यायची, हे त्या यंत्राचे मूळ काम. त्यासाठी लागणारे गणित त्यातली दातेरी चाके करीत, म्हणजे तो एक यांत्रिक संगणकच होता. जॉनने त्याला नंतर दुसऱ्या नेमयंत्राची जोड दिली आणि बारा फूट उंचीचा सांगाडा उभा राहिला. हाताने काढलेली ठिपक्यांची आकृती त्यात काटेकोरपणे, अंशाअंशाने फिरवता येई आणि कॅमेरा त्याच फिल्मवर ती पुन्हा पुन्हा टिपत असे. थोड्या ठिपक्यांचे हजारो ठिपके झाले ते असे. संहारासाठी घडवलेल्या यंत्रातून इतकी शांत गोष्ट निघाली, याचे नवल आजही ओसरत नाही.

१९६६पासून आयबीएम कंपनीने जॉनला आपल्या मोठ्या संगणकांवर काम करू दिले. त्यातून 'पर्म्युटेशन्स' (१९६८) झाला. त्या संगणकाच्या पडद्यावर रंग नव्हते, नुसते प्रकाशाचे ठिपके होते. एकेक चित्र उमटायला काही सेकंद लागत आणि चित्रपटाच्या एका सेकंदाला चोवीस चित्रे हवीत. फिल्म काळीपांढरीच निघे, रंग नंतर छपाईत चढवले जात. या अडचणींनीच चित्रांना त्यांचे रूप दिले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर मोजके, लखलखते बिंदू एवढेच हाताशी असल्याने सगळा भार गतीवर आला.

त्या गतीचे सूत्र जॉनने १९८०च्या 'डिजिटल हार्मनी' या पुस्तकात मांडले. ते ठिपक्यांच्या रांगोळीइतके साधे आहे. केंद्रापासून बाहेर सरळ रेषेत साठ बिंदू मांडले आहेत असे समजावे. ठरावीक वेळात पहिल्या बिंदूने एक फेरी घ्यायची, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन आणि साठाव्याने साठ. सुरुवात होताच रेषा वाकते, तिचे चक्राकार वेटोळे होते आणि थोड्याच वेळात सगळा नुसता विस्कळीत थवा दिसतो. वेळेचा तिसरा हिस्सा सरता सरता मात्र त्या थव्यातून तीन वक्र भुजा दिसू लागतात आणि नेमक्या त्या क्षणी त्या ताठ सरळ होतात. पुन्हा पांगापांग. अर्ध्या वेळेला दोन भुजा उभ्या राहतात, कारण सम क्रमांकाचे बिंदू मूळ जागेच्या दिशेला असतात आणि विषम क्रमांकाचे बरोबर समोर. पुरी वेळ झाली की साठही बिंदू पुन्हा एका रेषेत.

एकास दोन, दोनास तीन ही साधी गुणोत्तरे संगीतात षड्जाला तार षड्जाशी आणि पंचमाशी जोडतात. तीच इथे डोळ्यांना दिसतात, असे जॉनचे म्हणणे होते. हे चित्रपट मन शांत का करतात, याचे उत्तरही इथेच सापडते. संथ गतीचा त्यात वाटा आहे, पण तो थोडा. तबला ऐकणारा जसा समेची वाट पाहतो आणि ती येताच त्याची मान आपसूक डोलते, तसेच इथे घडते. विस्कटलेले पुन्हा जुळणार, ही खात्री मनाला हळूहळू पटते आणि मग विस्कटण्याची धास्ती उरत नाही. यदृच्छेने फिरणारे ठिपके कितीही सुंदर असले तरी ते हे समाधान देत नाहीत. त्यांना सम नसते.

पुढे 'अरेबेस्क' (१९७५) या चित्रपटात जॉनने इराणी संतूरवादक मनूचेहर सादेघी यांच्या वादनाबरोबर वाहत्या, वळणदार रेषा खेळवल्या. त्या चित्रपटाचे प्रोग्रॅमिंग करणारा तरुण लॅरी क्युबा याने १९७८मध्ये स्वतःचा '३/७८' हा चित्रपट केला. त्यात सोळा आकृत्या आहेत, प्रत्येकीत शंभर प्रकाशबिंदू, आणि सोबतीला शाकुहाची या जपानी बासरीचे सूर.