फॉर्म भरून मिळतील!

‘रिटायरमेंटनंतर काय करणार?’ असं आपल्या ऑफिसात कुणालाही विचारून बघा. कोकणात घर बांधणार, कॅफे काढणार, जग फिरणार... उत्तरं तयार असतात. आपण सगळेच पंचेचाळिसाव्या वर्षी रिटायर होणार असतो ना, मग काय! पण खरोखर रिटायर झालेली माणसं काय करतात? सकाळी फिरणं, मग कट्ट्यावर शुगर-बीपीची चर्चा, दुपारी झोप आणि रात्री अमेरिकेतल्या नातवाला व्हिडिओ कॉल. निदान आपला समज तरी असाच असतो.

माझाही होता. मग दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या आईचा फोन आला. पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत त्यांची एक छोटीशी संस्था आहे. तिथे ‘कम्प्युटर येणारं कुणीतरी’ हवं होतं. शनिवारी सकाळी, साडेदहाला! शनिवारचे साडेदहा म्हणजे आपल्यासारख्यांची पहाट. तरी गेले. रिक्षा जिथे थांबते तिथून पुढे नुसत्या पायऱ्या. वर दहा बाय बाराची खोली, दोन टेबलं, चार खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा आणि दारावर अस्सल पुणेरी पाटी: ‘सरकारी फॉर्म फुकट भरून मिळतील. पैसे देऊ केल्यास मिळणार नाहीत.’

संस्थेचं नाव छापायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. ‘नाव छापलंस की सोमवारी रांग लागेल, आणि खुर्च्या चारच आहेत,’ असं बँकवाले काका म्हणाले.

हे बँकवाले काका म्हणजे इथले हेडऑफिस. बँकांमध्ये २०००-०१ साली व्हीआरएसची लाट आली होती, आठवतंय? आपल्यापैकी अनेकांचे बाबा-काका तेव्हा पन्नाशीत घरी बसले. त्यातलेच हे. आज वय पंचाहत्तर, एक गुडघा बदललेला. पायऱ्यांवर दोनदा थांबतात, पण खांद्याला कुणाला हात लावू देत नाहीत. दुसऱ्या टेबलावर बाई, म्हणजे महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आणि तिसऱ्या? तिसऱ्या खुर्चीत कधीच न बसणाऱ्या आजी. त्या याच वसाहतीत राहतात, चाळीस वर्षं लोकांकडे भांडी घासली, अक्षरओळख नाही. सुरुवातीला मला वाटलं, त्या चहा करायला येतात. तिसऱ्या शनिवारी कळलं की आजी नसतील तर दुकान बंद! कुणाचा नवरा गेलाय, कुणाची पेन्शन थांबलीये, कोण लाजून येत नाहीये, हा सगळा डेटाबेस त्यांच्या डोक्यात. त्या गल्लीत जाऊन माणूस उठवून आणतात. मग काका फॉर्म भरतात, बाई समजावून सांगतात आणि मी स्कॅन करते. माझं अधिकृत पद आहे ‘स्कॅनर’.

आता तुम्ही म्हणाल, फॉर्म भरण्यात काय एवढं? मीही म्हणायचे. आयटी रिटर्न आपण मोबाइलवर भरतो की!

तर हा हिशेब बघा. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. विधवा, अपंग, दुर्धर आजाराने अंथरूण धरलेले, अशा ६५ वर्षांच्या आतल्या निराधारांसाठी. त्यापुढच्या वयाला श्रावणबाळ योजना. महिन्याला आधी ६०० रुपये मिळायचे, २०१९ मध्ये १००० झाले, २०२३ मध्ये १५००. आणि अट काय? कुटुंबाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. महिन्याचं नव्हे हं, वर्षाचं! म्हणजे महिन्याला १७५० रुपये. आपला रविवारचा ब्रंच. पुण्यात दोन घरची भांडी घासणारी बाईसुद्धा या आकड्याच्या पुढे जाते. अपंगांसाठी मर्यादा ५० हजार आहे, ती निदान जरा माणसात आणणारी. पण विधवेने खरं उत्पन्न सांगितलं की ती योजनेच्या बाहेर.

यावरून त्या खोलीत जे भांडण होतं ना, ते मी कुठल्याही बोर्डरूममध्ये ऐकलेलं नाही. मागच्या पावसाळ्यात एक पन्नाशीची विधवा आली. दोन घरची कामं, एक मतिमंद मुलगा, खोलीचं भाडं. बाईंनी फॉर्म पुढे ओढला. काकांनी विचारलं, ‘उत्पन्न किती लिहिणार?’

‘ती सांगेल ते,’ बाई म्हणाल्या.

‘ती काय सांगणार ते तुम्हीच सांगणार आहात. मी खोटं लिहिणार नाही.’

‘अहो, अट तरी खरी आहे का? १७५० रुपयांत माणूस जगतं का, सांगा मला!’

आजी दारातून म्हणाल्या, ‘साहेब, खोलीभाडं कापून लिवा की. भाडं काय तिचं हाय व्हय? ते मालकाचं.’

काका बघतच राहिले. ‘म्हणजे नेट इन्कम म्हणताय तुम्ही!’ सगळे हसले, ती विधवाही. पण तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यात भाडं कापायला रकाना नाही. काकांनी पेन खाली ठेवलं ते ठेवलंच.

जाताना पायऱ्या उतरताना मी त्यांना विचारलं, ‘काका, एवढं काय हो? तुम्हाला कोण विचारणार आहे?’ ते म्हणाले, ‘मला नाहीच विचारणार. उद्या चौकशी लागली तर सही तिची आहे. मी पेन्शन घेऊन घरी, आणि ती खोट्या प्रतिज्ञापत्रात. दुसऱ्याच्या अंगठ्यावर आपण शूर व्हायचं नाही.’

माझं मत विचाराल तर मी अजूनही बाईंच्या बाजूची आहे. अटच इतकी हास्यास्पद असेल तर ती पाळणाऱ्याला कसलं बक्षीस द्यायचं? पण त्या दिवसापासून बाईसुद्धा फॉर्मवर सही घेण्याआधी समोरच्या बाईला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवतात आणि ‘हे तुझ्या नावावर जाणार आहे, कळलं ना?’ असं विचारतात. त्या विधवेचं म्हणाल, तर तिच्याऐवजी मुलाचा अर्ज करायचं ठरलं. अपंगत्वाचा दाखला काढायलाच पाच महिने गेले. आजी प्रत्येक खेपेला बरोबर होत्या.

मंजुरी मिळाली तरी सुटका नाहीच. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे डीबीटीने, म्हणजे आधारला जोडलेल्या खात्यात थेट जमा व्हायला लागले. मधले दलाल कमी झाले, हे चांगलंच. पण आधार कार्डावर नावापुढे ‘बाई’ आहे आणि पासबुकात नाही, मोबाइल नंबर कधीच्या बंद पडलेल्या सिमचा आहे, अशा शंभर भानगडी वर आल्या. आणि बोटांचे ठसे! तीस वर्षं राख, साबण आणि घासणी धरली की बोटांवर रेषाच उरत नाहीत. मशिन म्हणतं, मॅच नाही. आमच्याकडच्या एका मावशींची चार महिने पेन्शन अडली ती त्यामुळे. आधार केंद्राच्या तीन चकरा, प्रत्येक चकरेला एका दिवसाचा खाडा. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवर काम भागलं.

आणि त्याच नोव्हेंबरात काकांनी आपला हयातीचा दाखला कसा दिला असेल? घरी सोफ्यावर बसून, फोनच्या कॅमेऱ्यात बघून. जीवन प्रमाण ॲप, दोन मिनिटं, चहा गार व्हायच्या आत. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना ते अजिबात मजेशीर वाटत नव्हतं.

हॉस्पिटलच्या केसेस आल्या की मात्र काका फॉर्मात येतात. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या हॉस्पिटल्सना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेली योजना आहे ही. त्यासाठी बिलांतून २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. आपल्याला झकास लॉबीवाली जी हॉस्पिटल्स माहीत आहेत ना, त्यातली कित्येक या यादीत आहेत. पण काउंटरवर फाटक्या चपलेतला माणूस गेला की उत्तर ठरलेलं: ‘कोटा फुल आहे.’ काका फोन लावतात आणि अत्यंत नम्र आवाजात म्हणतात, ‘हरकत नाही, कोटा संपलाय एवढं लेखी द्या.’ बस्स! हे त्यांचं ब्रह्मास्त्र. दर वेळी चालतं असं नाही, पण मी ते चालताना दोनदा पाहिलंय.

बाईंचा सीझन वेगळा, आरटीईचा. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांचे ऑनलाइन अर्ज, मग लॉटरी. गंमत म्हणजे ज्यांनी आयुष्यभर महापालिकेच्या शाळेसाठी घरोघर फिरून मुलं गोळा केली, त्याच आता मुलांना खासगी शाळेत पाठवायचे फॉर्म भरतात. ‘माझ्याच शाळेतली पोरं पळवतेय मी,’ असं त्या म्हणतात. त्यात विनोद किती आणि दुखणं किती, मला अजून कळलेलं नाही. २०२४ ला तर कहरच झाला. फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. आम्ही भरलेल्या फॉर्मांत खासगी शाळा दिसेचनात. मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, अर्ज पुन्हा नव्याने मागवले आणि जुलैमध्ये तो बदल रद्दच झाला. भर उन्हात, निम्मी वसाहत गावाला गेलेली असताना, सगळ्या आईबापांना पुन्हा शोधायचं कसं? बाईंकडे वही होती. हजेरीपटासारखी आखलेली, प्रत्येकाचा नंबर आणि शेजाऱ्याचाही नंबर लिहिलेली. माझी एक्सेल शीट होती, पण त्यात शेजारी नव्हते!

आता जरा कडू. ज्येष्ठांच्या सेवाभावाचं कौतुक आपण फार करतो, शाल-श्रीफळ देतो, काम मात्र देत नाही. बऱ्याच ठिकाणी त्यांना ‘मार्गदर्शन’ करायला बोलावतात, म्हणजे भाषण. काकांनी इथे यायच्या आधी दोन संस्था सोडल्या, त्या याच कारणाने. खरं तर महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच साठीच्या पुढचे एक कोटीहून जास्त लोक होते. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यभर सरकारी भाषा वाचली, लिहिली, कोळून प्यायली. ‘सदर इसम’ म्हणजे कोण, हे गुगलपेक्षा त्यांना चांगलं कळतं. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी निवृत्तीनंतर ‘रोटी बँक’ उभी केली, त्यात उरलेलं अन्न वेळेत पोहोचवायचं तर शिस्त आणि वाहतूक जमावी लागते. अनुभव तिथे वापरला गेला. असं सगळीकडे व्हायला हवं ना?

उलट बाजूही आहे. सेवेला आलेल्या काही मंडळींना समोरच्या माणसाला ‘दारू सोड’ हा सल्ला दिल्याशिवाय पेन उचलता येत नाही. असे दोघे आमच्याकडे टिकले नाहीत. आजींनी त्यांच्याकडे माणसंच पाठवणं बंद केलं.

येत्या महिन्यात काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी पायऱ्याही बंद करायला सांगितल्यात. त्यांची जागा घ्यायला अजून कुणी मिळालेलं नाही. तरुण मंडळी येतात, फोटो काढतात आणि तिसऱ्या शनिवारी गायब होतात, हे बाईंचं निरीक्षण (माझ्याकडे बघत केलेलं, मी टिकले हे त्यांना अजून पटलेलं नाही). तेव्हा तुमच्या घरात कुणी रिटायर झालेलं, अक्षर बरं असलेलं आणि कट्ट्यावर कंटाळलेलं असेल, तर आपापल्या वस्तीजवळच्या संस्थेत एकदा नेऊन बसवा. बरोबर स्वतःचा फोन आणि चार्जर घेऊन तुम्हीही बसा. आमच्याकडे सध्याचा तोडगा असा निघालाय: काका घरून फोनवर असतील, फॉर्म मी वाचून दाखवेन. आजींनी मोबाइलवर कागदाचा फोटो काढायला शिकायचं ठरवलंय. पहिल्या दहा फोटोंत त्यांचा अंगठा आला. अकराव्यात रेशन कार्ड आलं, तो काकांना पाठवलाय.