ज्वारीच्या कवचात भज्जी

तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी गरम असते तोवर वाकते. गार झाली की मधोमध तडकते. लातूर-नांदेडच्या घरांत त्याने कधी कुणाचं अडलं नाही. इथे भाकरी कुस्करायची, नाहीतर ठेचा ठेवून हातावर घ्यायची. टाकोचं मात्र सगळं घडीवर चालतं. म्हणून पोरांनी घरी टाकोचा हट्ट धरला की सारण कुणीही करेल, अडतं ते कवचाशी.

मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन वाटतात. चुन्याने दाण्याची साल सुटते आणि त्यातला चिकटपणा पिठाला धरून ठेवतो. ग्लुटेन नसूनही तिथली टॉर्टिया, म्हणजे टाकोची पोळी, दुमडते ती त्यामुळे. ज्वारीतही ग्लुटेन नाही. पण आपल्याकडे चुना पानाच्या डबीतच राहिला आणि पीठ धरून ठेवण्याचं काम आधणाच्या पाण्याकडे आलं. उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च फुलून चिकटतो. पीठ ताजं मात्र हवं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, त्याला कितीही आधण घाला.

टाकोच्या कवचासाठी भाकरीपेक्षा उकड बरी. वाटीभर पाण्याला मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळी आणायची, त्यात वाटीभर पीठ ढवळून झाकण ठेवायचं. कोमट झालं की दोन चमचे कणीक घालून हाताला रग लागेपर्यंत मळायचं. पुरीएवढी पातळ पोळी लाटून काट्याने टोचे मारायचे, नाहीतर ती फुगते. तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम शेकायची आणि गरम तेलात सोडायची. मऊ आहे तोवरच चिमट्याने दुमडून, मध्ये झाऱ्याची कड धरून, बुडबुडे कमी होईपर्यंत तळायची. न्यूयॉर्कमध्ये खानावळ चालवणाऱ्या हुवेन्सियो माल्दोनादो यांना अशी घडी तळणाऱ्या साच्याचं पेटंट १९५० मध्ये मिळालं होतं. घरच्या आठ-दहा कवचांना झारा पुरतो.

सारणासाठी राजमा शोधत फिरायची गरज नाही. वेळा अमावस्येला, म्हणजे इथल्या येळवसेला, लातूर-धाराशिवकडची अख्खी घरं शेतात जेवायला जातात. त्या जेवणात भज्जी असते: ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे, पालेभाज्या, चिंचेचा कोळ, वर बेसन. सोबत बाजरीची भाकरी, उंडे आणि अंबील. भज्जी उरतेच. दुसऱ्या दिवशी ती कढईत आटवून घट्ट केली, की कवचात भरायला याहून चांगलं सारण मला तरी माहीत नाही. आंबट, तिखट, आणि दाणे दाताखाली येतात.

एरवी मोड आलेली मटकी कोरडी परतावी. नांदेडकडे अर्धापूरची कच्ची केळी मिळतात. ती उकडून, कुस्करून, हिरवी मिरची आणि जिऱ्याची फोडणी दिली की बटाटा आठवत नाही. सोयाबीनच्या वड्याही चालतात. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात आणि घरच्या ताटात ते क्वचित दिसतं, हा तसा चमत्कारिकच प्रकार. वड्या भिजवून, घट्ट पिळून, मिक्सरमधून जाडसर काढाव्यात आणि कांदा-लसणावर काळ्या मसाल्यात परताव्यात.

भरताना क्रम पाळावा. आधी कवचाला आतून शेंगदाण्याची तेलकट चटणी चोपडायची, म्हणजे ओल थेट आत मुरत नाही. त्यावर सारण, मग बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू. दही घालायचं तर बांधून घट्ट केलेलं. चीज किसायचं असेल तर किसा, पण चटणी चांगली असली की ते वायाच जातं.

रिकामी कवचं पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर चार-सहा दिवस कुरकुरीत राहतात. लातूरला ट्यूशनसाठी खोली करून राहिलेल्या पोराला पाठवायची तर एका डब्यात कवचं, दुसऱ्यात कोरडी चटणी. कांदा तो चिरून घेईल.