खोक्यातले ‘डेड’ फोन

ओळखीच्या एका कार्यालयात कपाटावर एक खोकं पडलेलं होतं. त्यावर स्केचपेननं ठळक लिहिलेलं, ‘डेड फोन’. आत नऊ आयपी फोन होते, म्हणजे टेलिफोनच्या तारेऐवजी नेटवर्कच्या केबलवर चालणारे टेबलावरचे फोन. सगळे एकाच आठवड्यात, फर्मवेअर अपग्रेड करताना ‘गेलेले’. दोन दुपारी बसलो आणि त्यातले सात परत बोलू लागले. एकाचाही स्क्रू काढावा लागला नाही. तिघांना फाइलच मिळत नव्हती, दोघांना भलत्याच मॉडेलची फाइल दिली जात होती, आणि उरलेले दोघे नवं फर्मवेअर घेऊन तयार होते, पण एक्स्चेंज त्यांना आत घेत नव्हतं.

नऊ फोन म्हणजे छोट्या कार्यालयाला बरीच रक्कम. त्याहून वाईट वाटतं ते याचं, की ‘अपग्रेड करताना फोन मेला’ हे वाक्य एकदा कार्यालयात पसरलं की पुढची पाच वर्षं कुणी अपग्रेडचं नाव काढत नाही.

आधी हा फोन म्हणजे काय ते पाहू. तो एक लहानसा संगणकच असतो. फर्मवेअर ही त्याची कार्यप्रणाली: पडदा, कळा, आवाज, नेटवर्क, एक्स्चेंजशी बोलण्याची एसआयपी भाषा, सगळं त्यात. एक्स्टेन्शन नंबर, पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता या सेटिंग वेगळ्या राहतात. सर्व्हरवरून चालणारा फोन सुरू होताना वीज घेतो, स्वतःचा आयपी पत्ता मागतो, त्याच वेळी ‘माझ्या फाइली कुठे ठेवल्यात’ हे विचारतो (पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीमध्ये हे उत्तर बहुधा ६६ क्रमांकाच्या पर्यायात असतं, सिस्कोचे फोन १५० क्रमांकही पाहतात), तिथून सेटिंगची फाइल आणतो, तिच्यात लिहिलेली फर्मवेअरची आवृत्ती स्वतःच्या आवृत्तीशी ताडून पाहतो, वेगळी असेल तर ती उतरवतो, तपासतो, स्वतःच्या मेमरीत लिहितो, पुन्हा सुरू होतो आणि शेवटी एक्स्चेंजकडे नोंदणी करतो. या साखळीत फोनला खरी इजा होऊ शकेल अशी पायरी एकच, मेमरीत लिहिण्याची. बाकी कुठेही गाडी अडली तरी फोन शाबूत असतो.

‘फोन चालतोय ना, मग हात कशाला लावायचा?’

हा सर्वांत जुना समज. ऑगस्ट २०१९ मध्ये मॅकॅफीच्या संशोधकांनी अवायाच्या ९६०० मालिकेतल्या फोनबद्दल जे जाहीर केलं, ते त्यावर पुरेसं उत्तर आहे. त्या फोनमध्ये आयपी पत्ता मागणारा जो मुक्तस्रोत भाग वापरला होता, त्यातला दोष २००९ मध्येच उघड झाला होता आणि मूळ प्रकल्पात दुरुस्तही झाला होता. फोनमध्ये मात्र त्याची जुनी प्रत दहा वर्षं तशीच राहिली. त्याच नेटवर्कवरचा हल्लेखोर या दोषातून फोनचा ताबा घेऊन संभाषण ऐकू शकत होता. अवायानं दुरुस्त फर्मवेअर दिलं, पण ज्यांनी ‘चालतोय ना’ म्हटलं त्यांच्या टेबलावर ते पोचणार कसं? पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये आर्मिस या कंपनीनं सिस्कोच्या उपकरणांमधले पाच दोष मांडले. त्यातला एक थेट आयपी फोनमधला होता.

सुरक्षेची भीती बाजूला ठेवली तरी फर्मवेअरला वय असतंच. सर्व्हर खरा आहे की तोतया, हे ओळखण्यासाठी फोन आपल्या पोटातली मूळ प्रमाणपत्रांची यादी वापरतो, आणि त्या प्रमाणपत्रांना मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा जगभरातल्या अनेक जुन्या उपकरणांचा सुरक्षित संपर्क तुटला. कुणी हात लावला नव्हता, हेच त्याचं कारण होतं.

‘नेट स्लो आहे म्हणून अपग्रेड होत नाही.’

इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या पाहण्यातले सर्वाधिक ‘मेलेले’ फोन याच वळणावर अडकलेले असतात. फोन आणि फाइल एकाच कार्यालयात असतील, तर बाहेरच्या इंटरनेटचा या व्यवहाराशी संबंधच नाही. जुने फोन फाइल आणतात टीएफटीपी या पद्धतीनं. तिचा आजही वापरात असलेला नियम १९९२ सालचा आणि अगदी साधा आहे, आणि तिच्या प्रत्येक खोडीचं मूळ त्या साधेपणात आहे.

पहिली खोडी फायरवॉलची. फोन पहिली मागणी ६९ क्रमांकाच्या पोर्टवर करतो, म्हणून लोक ६९ उघडतात आणि निश्चिंत होतात. पण सर्व्हर उत्तर देतो ते दुसऱ्याच, ऐन वेळी निवडलेल्या पोर्टवरून, आणि पुढचा सगळा व्यवहार तिथेच चालतो. मागणी पोचलेली दिसते, फाइल मात्र एक अक्षरही पुढे सरकत नाही. लॅपटॉपवर टीएफटीपीचा प्रोग्राम चालवत असाल तर नुसता पोर्ट उघडून भागत नाही, त्या प्रोग्रामलाच फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते. खोक्यातले ते पहिले तीन फोन एवढ्या एका गोष्टीवर जिवंत झाले.

दुसरी खोडी अंतराची. टीएफटीपी मूळ नियमानुसार एका वेळी ५१२ बाइटचा एकच तुकडा पाठवतं आणि पोच मिळेपर्यंत गप्प बसतं. एकाच खोलीत हे जाणवत नाही. पण शाखा एका शहरात, सर्व्हर दुसऱ्या शहरात आणि मधल्या जोडणीवर जाऊन यायला ५० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला फक्त २० तुकडे जातात, म्हणजे जेमतेम १० केबी. ३० एमबीच्या फाइलला या गतीनं पन्नास मिनिटं लागतील. लाइन १०० एमबीपीएसची घ्या नाहीतर ५०० ची, काही फरक पडत नाही, कारण वेळ जातो तो पोचपावतीची वाट पाहण्यात. लोक पंधराव्या मिनिटाला ‘हँग झाला’ म्हणून फोनची केबल उपसतात.

तिसरी खोडी मला सर्वांत आवडते, कारण लक्षणावरून निदान लगेच होतं. डाउनलोड दर वेळी नेमक्या त्याच जागी थांबतं, ३२ एमबीच्या आसपास. तुकड्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंतच जातात, आणि त्याला ५१२ नं गुणलं की हाच आकडा येतो. पुढे काय करायचं हे मूळ नियमात नाही. काही सर्व्हर शून्यापासून मोजायला लागतात, काही तिथेच थांबतात. सर्व्हर आणि फोन दोघांना मोठे तुकडे चालत असतील तर तसं करावं, ही सोय १९९८ च्या सुधारित नियमात आहे. नाहीतर सरळ एचटीटीपी वापरावं, बहुतेक नव्या फोनना ते येतंच.

‘फाइल सर्व्हरवर ठेवली आहे, तरी फोन घेत नाही, म्हणजे फोनच खराब.’

सर्व्हरची नोंदवही उघडून पाहा, फोन कोणतं नाव मागतोय ते. लिनक्स सर्व्हरला लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी दिसतात. सिस्कोच्या सेटिंग फाइलच्या नावात फोनचा मॅक पत्ता (त्याचा हार्डवेअर क्रमांक) मोठ्या लिपीत लागतो, येलिंकच्या फाइलच्या नावात तो लहान लिपीत लागतो. एकानं दोन्ही एकाच सवयीनं टंकले की अर्धे फोन उपाशी राहतात. फोन सतत रीस्टार्ट होत असेल तरी आधी इथेच बघा: सेटिंग फाइलमध्ये एक आवृत्ती लिहिलेली आणि सर्व्हरवर ठेवलेली भलतीच, असं असलं की काही फोन मागतात, निराश होतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. नोंदवहीत फोनचं नावच नसेल तर मात्र आणखी मागे जायला हवं. फोन आवाजासाठी वेगळ्या राखलेल्या आभासी नेटवर्कऐवजी (व्हीएलॅन) संगणकांच्या नेटवर्कवर गेला असेल, आणि तिथे त्याला फाइलींचा पत्ता सांगणारं कुणी नसेल.

दिसायला सारखे फोन आतून सारखे असतीलच असं नाही, हे वापरलेले फोन घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं. सिस्कोचे काही फोन त्यांच्या स्वतःच्या एक्स्चेंजसाठी एका फर्मवेअरवर येतात आणि इतरांच्या एक्स्चेंजसाठी वेगळ्या, बाह्यरूप तेच. जुन्या ७९०० मालिकेत तर सिस्कोची खासगी भाषा बोलणारं आणि एसआयपी बोलणारं अशी दोन घराणी आहेत. स्वस्तात मिळालेला फोन आपल्या एक्स्चेंजची भाषा बोलणार का, हे पैसे देण्याआधी विचारावं. चुकीची फाइल दिली तर चांगला फोन ती सही तपासून नाकारतो. हे नाकारणं म्हणजे बिघाड नव्हे, ते त्याचं शहाणपण आहे. खूप जुन्या आवृत्तीवरून थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारतानाही असाच नकार मिळतो, कारण जुन्या फर्मवेअरला नव्या फाइलची बांधणी किंवा सही कळत नाही. मधली एखादी आवृत्ती आधी चढवावी लागते. ती कोणती, हे आवृत्तीसोबतच्या टिपणात लिहिलेलं असतं, आणि ते टिपण वाचायला दहा मिनिटं लागतात.

‘पडदा अडकलाय, प्लग काढून लाव.’

हाच एक समज खरोखर फोन मारू शकतो. मेमरीत लिहिणं चालू असताना वीज गेली तर अर्धवट फर्मवेअर उरतं. फोनला वीज बहुधा स्विचमधून, नेटवर्कच्या केबलनंच मिळते. ही पद्धत २००३ मध्ये प्रमाणित झाली. त्यामुळे यूपीएसवर संगणक असून उपयोग नाही, स्विच हवा. आपल्याकडे लाइट जाण्याचा नेम नाही, तेव्हा अपग्रेडच्या दिवशी आधी हे तपासावं. आणखी एक फसगत: अनेक जण फोनच्या मागच्या दुसऱ्या पोर्टला आपला लॅपटॉप जोडतात आणि त्याच लॅपटॉपवरून अपग्रेड करतात. फोन रीस्टार्ट झाला की लॅपटॉपचं नेटवर्कही तुटतं, आणि माणूस घाबरून नको ते बटण दाबतो. लॅपटॉप थेट स्विचला जोडा.

आणि तरीही वीज गेलीच तर? काही फोन फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवतात, एक बिघडली तर दुसरीवर उठतात. काहींना बचावाचा दरवाजा असतो: येलिंकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये स्पीकरची कळ दाबून धरत वीज दिली की फोन टीएफटीपीवरून फर्मवेअर मागायला लागतो. पडदा काळा आहे म्हणून खोक्यात टाकण्याआधी त्या मॉडेलचा हा दरवाजा शोधावा.

फॅक्टरी रिसेटकडे मात्र लोक गंगास्नानासारखं पाहतात: केलं की सगळं पूर्वीसारखं. बहुतेक फोनमध्ये रिसेट सेटिंग पुसतं, फर्मवेअर नवंच राहतं. म्हणजे अडचण तिथेच, वर सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्डही गेले. उलट सिस्कोच्या ७९०० मालिकेतल्या काही फोनवर कळा दाबून केलेलं रिसेट इतकं खोल जातं, की फोन फर्मवेअरच्या फाइलीही सर्व्हरकडे नव्यानं मागतो. सर्व्हर तयार नसेल तर आधी अर्धवट चालणारा फोन आता खरोखरच मुका होतो.

अपग्रेड पूर्ण होऊनही नोंदणी होत नसेल, तर दोष नव्या फर्मवेअरला देण्याची घाई नको. नवी फर्मवेअर सुरक्षित संपर्काच्या टीएलएस या पद्धतीच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या अनेकदा बंद करतात. मार्च २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे मोडीत निघाल्या. तुमचं एक्स्चेंज तेवढंच बोलत असेल तर दोघांचं जमणार नाही. फोनचं घड्याळही पाहा. वेळ सांगणारा सर्व्हर मिळाला नाही तर फोन स्वतःला भलत्याच वर्षात समजतो आणि चांगलं प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारतो. एक्स्चेंज आत घेत नव्हतं त्या दोघांपैकी एकाची गोष्ट एवढीच होती. आणि एका बाजूचाच आवाज येत असेल, तर फर्मवेअर सोडून राउटरकडे जा. तिथलं ‘एसआयपी एएलजी’ पुष्कळदा मदतीच्या नावाखाली पत्ते बिघडवतं. बंद करून एक कॉल लावून बघावा.

क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. प्रत्येक मॉडेलचा एक फोन आधी, तोही कमी वर्दळीच्या टेबलावरचा. तो दोन दिवस नीट चालला की बाकीचे. रिसेप्शनचा सर्वांत शेवटी. आणि सुरुवातीलाच जुनी आवृत्ती, मॅक पत्ता, एक्स्टेन्शन हे तिन्ही वहीत.

खोक्यातले दोन फोन उठले नाहीत. त्यांच्या मॉडेलला नवं फर्मवेअर येणंही थांबलं होतं, म्हणून त्यांच्यामागे आणखी दुपार घालवली नाही. असे जुने फोन जे चालू आहेत, ते ठेवायचे असतील तर वेगळ्या व्हीएलॅनमध्ये, त्यांचं वेबपान बंद करून, बाहेरच्या इंटरनेटवरून वाट न ठेवता. आणि काढून टाकायचे असतील तर भंगारवाल्याच्या गाडीवर नकोत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे जायला हवेत. पण त्याआधी चालू असलेल्या प्रत्येक फोनवर फॅक्टरी रिसेट करा, कारण एक्स्टेन्शनचा पासवर्ड त्याच्या पोटातच असतो, आणि तो कुणाच्या हाती लागला तर परदेशी कॉलचं बिल तुमच्या नावावर येतं. न उठलेल्या फोनना रिसेट करता येत नाही. त्या दोघांचे पासवर्ड आम्ही एक्स्चेंजवर बदलले आणि मग ते खोकं उचललं.