फोर व्हीलचा दिवा लुकलुकतो तेव्हा...

जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, की यवतमाळ जिल्ह्यातील पांदण रस्त्यांचे रूप पालटते. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी गच्च भरते, की चाक जागच्या जागी फिरू लागते. नोकरी नागपूर-पुण्याला आणि वडिलोपार्जित शेती घाटंजी वा राळेगाव तालुक्यात, अशी ज्यांची विभागणी झाली आहे, त्यांना म्हणूनच जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीचा मोह पडतो. १९९८ मध्ये आलेली टाटा सफारी किंवा २००२ मध्ये आलेली महिंद्रा स्कॉर्पिओ यांच्या फोर बाय फोर आवृत्त्यांत जुन्या जीपसारखा दुसरा दांडा नाही, हाताशी एक बटण असते. ते फिरवले की पुढची चाके जोडली जावीत, अशी योजना. पण गाडीने पंधरा-वीस पावसाळे पाहिले, की नेमक्या चिखलात बटण फिरवावे आणि दिवा नुसता लुकलुकत राहावा, असा प्रसंग येतो.

मग गॅरेजमध्ये निदान होते : 'ट्रान्सफर केस उघडावी लागेल.' हे निदान कधी खरेही असते. मात्र ते शेवटचे असावे, पहिले नव्हे. कारण दोष बहुधा दातेरी चाकांत नसून विजेच्या वाटेवर असतो, आणि ती वाट तपासायला फारसा खर्च येत नाही.

ही वाट समजून घ्यायला अवघड नाही. बटणाचा संदेश एका नियंत्रक पेटीकडे जातो. गाडीचा वेग, क्लच वा गिअरची स्थिती पाहून ती पेटी ट्रान्सफर केसवर बसवलेल्या लहान मोटरला वीज देते. मोटर आतला काटा सरकवते आणि ती कुठवर फिरली, हे एक सेन्सर पेटीला कळवतो. उत्तर आले नाही, की दिवा लुकलुकतो. म्हणजे दिवा बिघाड कुठे आहे ते सांगत नाही. आज्ञा आणि उत्तर जुळले नाही, एवढेच सांगतो. 'फोर लो'साठी तर गाडी पूर्ण थांबलेली, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लच दाबलेला असावा लागतो. ही अट न पाळल्यानेही दिवा लुकलुकतो, आणि धडधाकट गाडी गॅरेजमध्ये जाते!

तपासणी बॅटरीपासून सुरू करावी. इंजिन बंद असताना ती १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. दाब बराच घसरला असेल, तर गाडी कशीबशी सुरू होईलही, पण मोटर अर्ध्यात थांबेल. त्यानंतर फ्यूज, आणि मग चेसिसला जोडलेली अर्थिंगची तार. तिच्याखाली गंज धरला असेल, तर घासून लख्ख करावी. कापूस किंवा तुरीच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हाही नित्याचा प्रकार आहे.

पुढची परीक्षा कानाची. सपाट जागी हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत, इंजिन बंद ठेवून किल्ली 'ऑन' करावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि क्लच दाबून एकाने बटण फिरवावे, दुसऱ्याने गाडीशेजारी बसून ऐकावे. मोटरची घरघर ऐकू आली, तर वीज पोहोचते आहे. संशय सेन्सरवर किंवा आतल्या काट्यावर घ्यावा. नुसता रिलेचा 'टक' आवाज आला, तर मोटर किंवा तिचा कपलर पाहावा. काहीच ऐकू आले नाही, तर बटण, फ्यूज आणि पेटीचा पुरवठा. कपलर गाडीच्या पोटाशी असल्याने त्यात चिखलपाणी शिरते आणि पिनांवर हिरवट थर चढतो. तो स्वच्छ केल्यावर कित्येकदा काम भागते. कपलरपर्यंत वीज येऊनही मोटर हलत नसेल, तर मोटर काढून पाहावी. त्यासाठी मोजके बोल्ट सोडावे लागतात, ट्रान्सफर केस उघडावी लागत नाही.

दिवा स्थिर लागतो, पण पुढची चाके ओढत नाहीत, ही तक्रार वेगळी. काही गाड्यांत पुढच्या चाकांचे हब व्हॅक्युमवर जोडले जातात. तिथे तडकलेली रबरी नळी हेच मूळ असू शकते. उलट, फोर व्हील निघतच नसेल तर ती कोरड्या डांबरावर वापरली गेली का, हे विचारावे. या गाड्यांत पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये वेगाचा फरक सामावणारी सोय नसते. वळणावर ताण साठून काटा अडकतो. अशा वेळी सरळ रेषेत थोडे मागे घेतल्यास तो बहुधा सुटतो. चारही टायर सारखे झिजलेले नसतील, तर हाच त्रास वाढतो.

महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडे अंतर फोर व्हील लावून चालवले, तर मोटर आणि काटा मोकळे राहतात. जुनी गाडी विकत घेतानाही हीच चाचणी घ्यावी, आणि तीही पैसे मोजण्यापूर्वी, मातीवर.