अंतर्वस्त्रवाचक शब्द : व्युत्पत्ती आणि अर्थांतर

वस्त्रप्रावरणांविषयी मराठीत लेखन झाले आहे. मात्र अंतर्वस्त्रांची नावे अशिष्ट मानून बहुधा चर्चेबाहेर ठेवली जातात. हा संकोच जुना आहे. 'कौपीन' म्हणजे लंगोटी. पाणिनीने हा शब्द 'कूप' म्हणजे विहीर या शब्दापासून साधला व त्याचा अर्थ 'अकार्य' असा दिला. 'सिद्धान्तकौमुदी'त भट्टोजी दीक्षित पुढील पायऱ्या उलगडतात : विहिरीत पडण्याजोगे ते पाप, पापासारखेच लपवावयाचे म्हणून गुह्येंद्रिय, आणि त्याच्याशी संबंध म्हणून त्याचे आच्छादन. वस्त्राच्या वाट्याला आले ते असे उसने आणि लाजिरवाणे नाव.

'कास' हा शब्द मात्र असा ओशाळलेला नाही. संस्कृत 'कक्षा', प्राकृत 'कच्छा', मराठी 'कास' हा क्रम 'इक्षु–उच्छु–ऊस' याच धर्तीचा आहे. धोतराचा मागे खोचलेला भाग म्हणजे कास. 'कासोटा' हा त्याच कुळातला. पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कासेला धरून नदी उतरता येत असे. त्यावरून 'कासेला लागणे' म्हणजे आश्रय घेणे हा अर्थ आला. एखाद्या विचारसरणीची 'कास धरणाऱ्या' अभ्यासकास आपण नेमके काय धरले आहे, याचे भान क्वचितच असते.

देशी-परकी ही विभागणी येथे फसवी ठरते. 'बनियन' हा शब्द परका भासतो. परंतु त्याचे मूळ संस्कृत 'वणिज्'. गुजराती 'वाणियो' पोर्तुगीजांच्या तोंडी 'बनियान' झाला व तेथून इंग्रजीत गेला. अठराव्या शतकात युरोपीय लोक एका सैल अंगरख्याला हे नाव देत. पुढे हिंदुस्थानात ते आतून घालावयाच्या सदऱ्याला मिळाले. तात्पर्य, 'वाणी' आणि 'बनियन' हे सगोत्र होत. याउलट जुन्या पिढीचा अगदी घरगुती वाटणारा 'गंजीफ्रॉक' हा इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटावरच्या विणलेल्या सदऱ्याचा, म्हणजे 'गर्न्सी फ्रॉक'चा अपभ्रंश आहे. हिंदी-बंगालीतील 'गंजी'ही त्याच बेटाची.

'चड्डी'ची गत निराळी. हा शब्द ग्राम्य वाटून सुशिक्षित मराठी घरांत 'अंडरवेअर' म्हटले जाते. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई कुटुंबांनी मात्र तो टाकला नाही. 'गुडनेस ग्रेशस मी' या बीबीसीच्या विनोदी मालिकेने तो तेथे सर्वतोमुखी केला आणि 2019 मध्ये 'चडीज' या रूपात ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने त्याची नोंद घेतली.